कळलावीचा नांगर

जना बोडीच्या पाण्याकाठी दोन्ही हात टेकून ओकत होती आणि भागरथाबाई पाळीवर बसून तिला हसत होती.

"अधाशावानी खाल्लं तुनं. मी म्हणतच होती, हळू खाय."

हे म्हणता म्हणता भागरथाबाईनं स्वतःचंच पोट धरलं. ती उठली, झुडपाकडे चार पावलं गेली आणि तिथंच खाली बसली.

मी त्याच वेळी भरली टोपली डोक्यावर घेऊन येत होते. सकाळपासून इतका माल लागला होता की कधी एकदा यांना दाखवते असं झालं होतं. टोपली खाली ठेवली. तीन दगडांच्या चुलीवर त्यांनी न्याहारीला कंद उकडले होते. हंडी रिकामी होती, तळाला दोन तुकडे उरले होते. एक उचलला. सोललेला, पांढरा, बोटाएवढा. आमच्या रानातला खायचा कंद उकडला की तोडताना त्यातून दोरे निघतात. या तुकड्यातून एकही दोरा निघाला नाही. जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकले.

"जने, हे कोणत्या टोपलीतले घेतले?"

"चिंधी नाई त्या टोपलीतले, जाऊबाई. खायचेच."

चिंधी नसलेल्या टोपलीत वरचे दोन पसे विषारी कळलावीचे होते. ते मीच टाकले होते.

आता आमचं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

आमचं गाव सानगडीच्या बाजूला. धानाची शेती. बायकांना धान कापून, चुरून झाल्यावर पौष-माघात हात रिकामे. तेव्हा एक शेठ कळलावीचे कंद आणि बिया विकत घेई. त्याचा मुनीम सानगडीच्या बाजारात बसायचा. माल पुढे मोठ्या शहरात जायचा, तिथं त्याचं औषध करायचे. मी चौथी शिकलेली, वजनकाट्यावरचा आकडा वाचता येई, म्हणून बाया माझ्या मागे. कधी दहाजणी असत, कधी तिघी. बारा-तेरा वर्षं मी हे काम केलं.

कळलावी कुठं येते ते ओळखण्यातच सगळं काम. ती दाट जंगलात नसते आणि उघड्या माळावरही नसते. तिला अर्धं ऊन, अर्धी सावली लागते, पाणी निथळून जाणारी जमीन लागते आणि धरायला काहीतरी लागतं. म्हणून ती बांबूच्या रांजीच्या, म्हणजे बेटाच्या, कडेला, बोडीच्या पाळीवर, झुडपी जंगलात, वारुळाच्या अंगाला. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. वेल म्हणावा तर तिला वेलासारखे वेगळे तणावे नसतात. पानाचं टोकच लांब होऊन गुंडाळतं आणि बाजूच्या काटकीला पकडतं. प्रत्येक पान एकेक बोट. मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा काम सोडून बसून राहिले होते.

आणि फूल. ते खाली मान घालून लटकतं आणि पाकळ्या मात्र उलट्या वर उभ्या राहतात, कडांना मुरड पडलेली. उमलताना हिरवं, दुसऱ्या दिवशी खाली पिवळं नि वर लाल, मग सगळंच लाल. भादव्यात एका रांजीभोवती पन्नास-साठ फुलं लागली की लांबून बांबूला आग लागल्यासारखं दिसे. बाया हातातली काठी टाकून पळत सुटायच्या. मीही पळायची. मला फुलाचं कौतुक कमी आणि खालच्या कंदाचं जास्त, पण पळायची खरी.

कंद पौषात काढायचा, फुलं भादव्यात. पौषात वर काहीच उरलेलं नसतं, वेल वाळून उडून गेलेला. म्हणून धानाची रोवणी संपली की आम्ही फुलं पाहत फिरायचो आणि जवळच्या काटकीला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधून ठेवायचो. माझी चिंधी हिरवी. दुसरीच्या चिंधीखाली खणायचं नाही, हा कायदा. त्यावरून झिंज्या ओढण्यापर्यंत भांडणं मी पाहिली आहेत, आणि एकदा माझ्याही हातात कोणाच्या तरी झिंज्या होत्या.

कंद असतो नांगरासारखा, दोन हात फाकलेला. लाकडी नांगर जसा कोनात वळलेला असतो तसाच. विषारी आहे हे गावात सगळ्यांना माहीत. तो आकार दिसला की लहान पोरही हात लावत नाही. तोच आकार मोडला की तो कोणत्याही कंदासारखा. म्हणून माझे नियम कडक. कळलावीच्या टोपलीला लाल चिंधी, त्या टोपलीत दुसरं काही नाही, दुसऱ्या टोपलीत कळलावी नाही. जेवायच्या आधी राखेनं हात धुवायचे. आणि नांगर मोडायचा नाही.

मुनीम मागच्या बाजारी म्हणाला होता, "गिरजाबाई, हे नांगर मोडून आणा बरं. पोत्यात बसत नाहीत, सांध्यात ओल राहते, माल सडून राहिला."

"मोडला तर ओळखू कसा येईल?"

"मले ओळखू येते ना. घेणार मी हावो का तुम्ही?"

तीन रांजी खणल्या की एक सोडायची, असाही माझा एक नियम होता. तो पुढे शेठनं दर वाढवला तेव्हा मीच मोडला. आज त्या पाळीवर भादव्यात गेलात तर दोन-चार फुलं दिसली तर दिसतील. ते आमचंच काम.

तो दिवस, सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा हिवाळा असेल. आम्ही तिघीच होतो. जना माझी धाकटी जाऊ, लग्नाला तीन वर्षं झालेली. भागरथाबाई शेजारची, विधवा, साठीच्या पुढची, आणि कंद उकरण्यात माझ्यापेक्षा हुशार. तिनं सकाळीच न्याहारीसाठी खायचे कंद काढून बिनचिंधीच्या टोपलीत ठेवले होते. मला एक वारूळ लागलं. एक नांगर काढला की त्याच्या खाली दुसरा. हातभर खणलं तरी निघतच होते. मुनीमाचं ऐकून मी तिथंच कडाकड मोडायला लागले. लाल चिंधीची टोपली भरली. आणखी घ्यायला जागा हवी होती, म्हणून वरचे दोन पसे खायच्या टोपलीत टाकले. वाटलं, येऊन काढीन. तीच लाल चिंधीची टोपली घेतली आणि पुन्हा वारुळाकडे पळाले. आनंदानं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. जनानं टोपली बोडीत धुतली, वरवरचे घेतले, सोलले, उकडले. कडू लागले. पण आमच्याकडचे खायचे रानकंदही थोडे कडूच असतात, म्हणून कडूपणाचं कोणाला काही वाटलं नाही.

तर हंडी पाहिल्यावर मी काय केलं ते सांगते. लाल चिंधीच्या टोपलीत तळाला एक न मोडलेला नांगर होता, तो पदरात बांधला. मग दोघींना सांगितलं.

भागरथाबाई शांत होती. म्हणाली, "तरीच. मले वाटे, बुडीचं पोट हाये, बिघडलं असंन."

जना रडायला लागली. "जाऊबाई, मी मरतो का?"

"मले काय माहीत. उठ."

सडकेपर्यंत कोसभर अंतर. तेवढ्यात पाळीच्या खालून तणसाची बंडी जाताना दिसली. मी आडवी उभी राहिले. गाडीवान ओळखीचा नव्हता.

"काय झालं, बाई?"

"विष गेलं पोटात. तणस उतरव."

"अवं, मालकाचं तणस हाये—"

तो बोलतच होता आणि मी वर चढून पेंढ्या खाली फेकायला लागले. मग तोही फेकायला लागला. बैल त्यानं असे पळवले की भागरथाबाई ओकता ओकता त्याला म्हणाली, "बाबू, विषानं नाई, तुह्या बंडीनं मरतो मी."

सडकेवर लाखांदूरकडून येणारी एस.टी. मिळाली. कंडक्टर दोघींकडे पाहून म्हणाला, "हैजा-कॉलरा तर नाही ना? बसमध्ये लेकरं आहेत." मी पदर सोडून नांगर दाखवला. त्यानं तो ओळखला. घंटी मारली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "आता दवाखान्यातच थांबव." मधल्या दोन थांब्यांवर माणसं हात दाखवत राहिली, गाडी थांबली नाही. उतारूंपैकी कोणी कुरकुर केली नाही. एका बाईनं आपला पाण्याचा लोटा जनाच्या तोंडाला लावला आणि तो परतही मागितला नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर नवा होता, पुण्याकडचा, मिसरूड नुकतं फुटलेलं. माझा दीर वामन, म्हणजे जनाचा नवरा, बंडीवाल्याकडून निरोप मिळाल्यावर सायकल मारत आमच्या मागोमाग पोचला. तो डॉक्टरला सांगायला लागला, "ढाळवांती हाये साहेब. कालचं शिळं खाल्लं."

"शिळं नाई," मी म्हटलं. "विष हाये. मीनंच टाकलं टोपलीत."

मी नांगर टेबलावर ठेवला. डॉक्टरनं तो उलटापालटा केला.

"हे काय आहे?"

"कळलावी."

"फूल लाल-पिवळं? पाकळ्या उलट्या?" तो एकदम उभा राहिला. "कॉलेजच्या पुस्तकात ग्लोरिओसा म्हणून चित्र होतं. आफ्रिकेपासून इथपर्यंत सगळीकडे उगवते म्हणे. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. किती खाल्लं?"

"जनानं मूठभर. या भागरथामायनं त्याच्या निम्मं."

"बाई, स्पष्ट सांगतो, याला उतारा नाही. पोट धुतो, सलाईन लावतो. बाकी त्यांचं शरीर करेल ते."

मला तो माणूस आवडला. येत नाही ते येत नाही म्हणाला.

दोघींची पोटं धुतली. रात्रभर सलाईन चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघींचं ओकणं थांबलं, ढाळ थांबले. जना उठून बसली आणि म्हणाली, चहा-टोस पाहिजे. वामनचा चेहरा खुलला. त्यानं तिची पिशवी उचलली.

"चला. तीन वाजताची गाडी हाये. शेतातली लाखोरी पिकून राहिली, घरी गाय सुटली असंन."

"भाऊजी, कोणी कुठं जाऊन नाई राहिलं. चार-पाच दिवस इथंच."

"काहून? चांगली तर बसली हाये. टोस खाऊन राहिली."

काहून ते मला माहीत होतं, आणि ते सांगायची वेळ आली होती.

आमच्याकडे कंद मागायला नाना तऱ्हेचे लोक यायचे. कोणी साप येऊ नये म्हणून दाराला बांधायला मागे. एकानं तर शेजाऱ्याशी वाद आहे म्हणून मागितला होता, त्याला मी टोपली फेकून मारली. त्यांच्यातच एक निवृत्त गुरुजी होते. पायाचा अंगठा सुजून लाल व्हायचा, चादर लागली तरी ओरडायचे. सायकलवर एकच पाय मारत आले. मी त्यांना नांगर दिला आणि सांगितलं, उगाळून वरून लावायचा, पोटात घ्यायचा नाही. शिकलेला माणूस. तो काढा करून प्याला. त्यांच्या सुनेनं मागून सांगितलं, एक दिवस ओकले, ढाळ झाले, दुसऱ्या दिवशी एकदम बरे. अंगठा उतरलेला. भात जेवले, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय दाखवला. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आणि पाचव्या दिवशी गेले. गावानं मला काही म्हटलं नाही. द्यायला नको होता, हे मला कोणी म्हणायची गरज नव्हती.

हे मी त्या वॉर्डात सगळ्यांसमोर सांगितलं. डॉक्टरनं माझं बोलणं कागदावर लिहून घेतलं. मग वामनला म्हणाला, "बाई सांगतात ते पुस्तकाशी जुळतं. राहू द्या."

"पुस्तकात काहीबी लिहून असते," वामन म्हणाला. "ज्यायचं नाव तुमी काढून राहिल्या, वहिनी, ते गुरुजी म्हतारे होते. आणि विष कोनाच्या हातचं? तुमच्याच. आता तुमीच शहाणपण शिकवता?"

बोलला ते खरंच होतं. जनाही त्याच्याच बाजूची, पलंगाखाली पाय सोडून बसलेली. नवऱ्यानं पिशवी उचलल्यावर ती कशाला थांबेल? तिला दवाखान्याचा वास नको झाला होता.

मी म्हटलं, "बरं. पण लुगडं ओकारीनं भरलं हाये. असं घालून एस.टी.त बसशीन? दे, खंगाळून आणतो."

तिनं दवाखान्याची चादर गुंडाळली आणि लुगडं मला दिलं. मी नळावर गेलेच नाही. लुगडं दवाखान्यात कपडे धुणाऱ्या बाईच्या कोठडीत ठेवलं, तिला बाहेरून कुलूप घालायला सांगितलं आणि वॉर्डाच्या दारात येऊन बसले.

तीनच्या गाडीची वेळ झाली. वामन लुगडं मागायला आला.

"वाळू घातलं."

"कुठं?"

"नाई सांगत."

त्यानं मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. माझ्या माहेरापर्यंत गेला. मी ऐकत बसले. जना आतून ओरडत होती, "जाऊबाई, शरम नाई वाटत तुमाले?" बाकीचे पेशंट हसत होते. चादरीत गुंडाळलेली बायको घेऊन भर बाजारातून कोणता माणूस एस.टी.त बसेल? गाडी गेली. वामन सायकलवर बसून लाखोरी पाहायला निघून गेला, मागे न बघता.

त्याच वेळी भागरथाबाईचा मुलगा तिला न्यायला आला होता. तिची पिशवी भरलेली. माझ्याशेजारून जाताना ती थांबली.

"माय, चार दिवस. मग मीच सोडून देईन तुले घरी."

"गिरजे, तू माही सासू हाये का? माही म्हैस दुसऱ्याच्या हाताखाली पान्हा नाई सोडत. आणि मीनं खाल्लंच केवढं, जनीच्या निम्मं."

"गुरुजीनं वाटीभरच प्याला होता."

"तुह्या गुरुजीले म्हैस नव्हती." असं म्हणून ती हसली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून दारातून पुढे गेली.

मी उठले नाही. जना माझ्या घरची, माझ्यापेक्षा लहान, तिचं लुगडं मी लपवू शकत होते. भागरथाबाई माझ्या आईच्या वयाची. तिच्यासमोर आम्ही डोक्यावरचा पदर खाली पडू देत नसू. तिच्या लुगड्याला हात घालायची हिंमत मला झाली नाही. आज कोणी विचारलं तर सांगते, घालायला पाहिजे होता. वॉर्डात फाडून टाकायला पाहिजे होतं.

तिसरा दिवस जना बरी. माझ्याशी बोलत नव्हती, पण भाताची पेज प्याली.

चौथ्या दिवशी सकाळी तिला थंडी वाजून ताप आला. दुपारी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. संध्याकाळी श्वास असा चालला जसा भात्याचा. डॉक्टर आला, नाडी धरली आणि त्यानं मागवता येतील तेवढ्या सलाईनच्या बाटल्या मागवल्या. नागपूरला न्यावी का, मी विचारलं. "रस्त्यात जाईल," तो म्हणाला. मग खुर्ची ओढून तिथंच बसला. वामन निरोप मिळून आला तेव्हा तिला कोणी ओळखू येत नव्हतं. तो पलंगाशी उभा राहिला, मग माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसला. पाचवा दिवस तसाच. सहाव्या दिवशी सकाळी तिला लघवी झाली आणि डॉक्टर एवढा खूश झाला की त्यानं झाडूवालीला चहा पाजला. आम्हाला हसू आलं. त्याला आम्ही विचारलं, त्यात काय एवढं, तर म्हणाला, मूत्रपिंड चालू झालं म्हणजे गाडी सुरू झाली.

बाराव्या दिवशी जना केस विंचरायला बसली. फणीबरोबर मूठभर केस आले. पुन्हा फिरवली, पुन्हा मूठभर. तीन-चार दिवसांत डोकं माळासारखं मोकळं. आजारात ती इतकी रडली नव्हती. डॉक्टर म्हणाला, हे या विषाचं लक्षण आहे, परत येतील. मी म्हटलं, "जने, वाचली ते पाह्य." ती म्हणाली, "तुमचे हायेत ना डोस्क्यावर, म्हणून बोलता." पोळ्यापर्यंत तिला दोन बोटं केस आले होते आणि ती माझ्याशी नीट बोलायला लागली होती. वामन मात्र त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलला नाही, बरं नाही की वाईट नाही.

मी गावात परतल्यावर पहिल्याच बाजारी मुनीमासमोर न मोडलेल्या नांगराचं पोतं रिकामं केलं आणि म्हटलं, असा घ्यायचा असेल तर घ्या. त्यानं घेतला. आणखी पाच हंगाम काम केलं. बाया माझ्या मागे आल्या, दोन सोडून. त्या दोघी भागरथाबाईच्या भावकीतल्या होत्या.

भागरथाबाई घरी गेली, त्या दिवशी म्हशीचं दूध तिनंच काढलं. तिसऱ्या दिवशीही काढलं. चौथ्या दिवशी पडली. मुलानं बंडी जुंपेपर्यंत उशीर झाला होता आणि पाचव्या दिवशी, जना दवाखान्यात श्वास ओढत होती तेव्हा, ती घरी वारली. मला ते जनाला घेऊन गावात आल्यावर कळलं.

कंद दोघींनी खाल्ला होता. जना वाचली. तिला पुढे तीन मुलं झाली आणि अजून ती माझ्याच अंगणापलीकडे राहते. भागरथाबाई वाचली नाही.